न चावणारा बूट

"इथं लागतो?"

"नाय."

"आणि इथं, करंगळीपाशी?"

"अहो, नाय म्हणलं ना! लोण्यात पाय घातल्यावानी वाटतंय."

सावळीरामने मान वर करून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं. देवळाली कॅम्पच्या बाजारात चाळीस वर्षं तो बूट शिवत आणि विकत आला होता. तोफखान्यातले जवान, अफसर, त्यांची बायकापोरं, असे हजारो पाय त्याच्या मांडीवरून गेले होते. आत्ता त्याचा अंगठा एका काळ्या, बिनलेसच्या बुटावर दाबलेला होता आणि कातड्याखाली गोटीराम पाळद्याची बोटं एकमेकांवर चढून बसलेली त्याला स्पष्ट लागत होती. अशा बुटात माणूस आई-आई करतो. हा बाबा खुशीत पाय हलवत होता.

"हा आठ नंबर आहे, पाळदेसाहेब. तुमचा पाय नऊचा, तोही रुंद पंजाचा. हे बघा, आत्ताच माप काढलंय."

त्याने कागद पुढे केला. कागदावर पेन्सिलने दोन्ही पावलं काढलेली होती. सावळीराम अजूनही असंच माप घ्यायचा. पेन्सिल तळव्याच्या खाचेतून फिरली की भलाभला सुभेदारसुद्धा फिस्सकन हसतो आणि पाय आखडून घेतो. गोटीरामने पाय आखडला नव्हता. तो समोरच्या दुकानातल्या पेढ्यांकडे बघत बसला होता, आणि सावळीरामच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

"नऊ घातला की माझा पाय आत हाय का नाय तेच कळत नाय," गोटीराम म्हणाला. "ह्यो कसा, धरून ठेवतो. पाय हाय असं वाटतं तरी."

"साहेब, रागावू नका. शुगर आहे का तुम्हाला?"

"हाय थोडी. दोन-तीन वर्षं झाली. आठवण आली की गोळी घेतो. त्याचा न् बुटाचा काय संबंध?"

"असतो संबंध. शुगरवाल्याच्या पायाची जाण जाते. बूट चावला तरी समजत नाही. माझं ऐका, नऊ न्या. आणि आत्ता सकाळी नको, संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगतो, त्या फुगलेल्या पायाला बूट घ्यावा. आणि घरी गेल्यावर रोज पाय उलटा करून बघायचा. खाली आरसा धरून."

गोटीराम खो खो हसला. "आरशात पाय बघू? नवरी हाय का मी?" मग आवाज उतरवून, शहाण्या माणसाच्या थाटात म्हणाला, "दादा, नऊ नंबरचा माल पडून राह्यलाय व्हय? मग तसं सांग की. पंधरा वर्षं लग्नाच्या लॉन्सवर काढली मी. तुझ्यासारखे शंभर पाहिले. बांध हा आठचा."

सावळीरामने बूट बांधले. गिऱ्हाईक ऐकतच नसेल तर दुकानदाराने तरी किती सांगायचं? पण मापाचा कागद त्याने फाडला नाही. त्यावर मोठ्या आकड्यात ९ लिहून, घडी करून तो त्याने बुटांच्या खोक्यात टाकला.

आता लोक म्हणतात, गोटीरामला साधी अक्कल नव्हती. म्हणायला लोकांचं काय जातं! उभ्या जन्मात ज्याचा पाय कुठल्या बुटात सुखाने बसला नाही, त्याला एक दिवस न चावणारा बूट मिळाला तर तो शंका काढेल की पेढे वाटेल? गोटीरामने पेढे घेतले. समोरच्याच दुकानातून, पावशेर. शुगर होती ना, म्हणून अर्धा किलो घेतले नाहीत.

गोटीराम कॅम्पाजवळच्या लहवित गावचा. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत वाढलेला, आणि सोळाव्या वर्षापर्यंत अनवाणीच हिंडलेला. त्यामुळे पंजे फावड्यासारखे पसरलेले. पुढे नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर वाढपी म्हणून लागला आणि चढत चढत फ्लोअर सुपरवायझर झाला. सुपरवायझर म्हणजे दुसरं काय, तर चालणं. वरपक्षाच्या खोलीतून वधूपक्षाच्या खोलीत, तिथून भटारखान्यात, तिथून जनरेटरपाशी, मांडवात, स्टेजवर, आणि परत वरपक्षाच्या खोलीत, कारण तोवर तिथे कुणाचा तरी चहा थंड आलेला असायचा. घरी आला की ओट्यावरच बसकण मारून ओरडायचा, "मैने, काढ गं! चावतोय!"

मैना म्हणजे त्याची बायको. ती दिवसभर मेथीच्या जुड्या बांधून, बाजारात बसून आलेली असायची. "नवरा केला का घोडा केला? रोज मेले नाल काढायचे!" असं करवादत यायची, पण यायची. लेस सोडायची, दोन्ही हातांनी टाच धरायची आणि एक हिसका देऊन बूट काढायची. मग फोडांना खोबरेल. मांडीवर पाय घेऊन, शिव्या देत देत. पंधरा वर्षं हा नेम चालला होता. खरं सांगायचं तर अलीकडे दोघांचा एकमेकांना हात लागायचा तो तेवढाच.

गेल्या वर्षभरात पायांचं दुखणं कमी कमी होत गेलं होतं. आधी मुंग्या यायच्या, मग पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटायला लागलं, मग काहीच नाही. गोटीरामला वाटलं, पाय निबर झाले, शिकले एकदाचे. तरी सवयीने तो हाक मारायचा आणि सवयीने मैना यायची.

सगळा घोटाळा त्या लेसने केला. मांडवात बूट घालून चढायचं नाही ही रीत, ती सुपरवायझरलाही लागू. बूट घेण्याच्या आठवडाभर आधी एका लग्नात ऐन मुहूर्ताला समई विझली. भटजींनी हाक मारली आणि गोटीराम पायरीवर बसून बुटाची गाठ सोडवत राहिला. गाठ काही सुटेना. अंतरपाट धरलेला, नवरा-नवरी दोन बाजूंना ताटकळलेले, आणि सगळं लॉन्स गोटीरामच्या बुटाकडे बघतंय. कुणीतरी ते मोबाईलवर काढलं आणि दुसऱ्या दिवशी ते मंजुषा मॅडमपर्यंत पोहोचलं.

मंजुषा मॅडम मालकांची सून. कारभार आता तिच्या हातात होता. ती कधी आवाज चढवायची नाही. चढवला असता तर बरं, असं लोकांना वाटायचं.

"काका, मुहूर्त तुमच्या लेससाठी थांबत नसतो," ती म्हणाली. "पंधरा तारखेपासून सगळ्या सुपरवायझरना काळे, लेदरचे, बिनलेसचे बूट. घातले-काढले, दोन सेकंद. आणि फ्लोअरवर कुणी लंगडताना, टेकलेलं दिसता कामा नये. सगळं फोटोत येतं. जमणार नसेल तर सांगा, पार्किंगला जागा आहे. शिटी देऊ तुम्हाला."

पार्किंग! लहवितपासून भगूरपर्यंतची सगळी भावकी या ना त्या लग्नाला त्याच लॉन्सवर यायची. त्या सगळ्यांना ठाऊक होता तो कोट घालून दारात "या, या, बसून घ्या" करणारा गोटीराम. तो शिटी फुंकत गाड्या मागे घेताना दिसला असता, तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून त्याला बूट हवा होता. साहेबी दिसणारा, दिवसभर चालवणारा, चटकन निघणारा आणि चार वर्षं टिकणारा. सावळीरामकडे तसा मिळाला.

आणि काय बूट होता! सकाळी नऊला घातलेला संध्याकाळी सातला काढावा, तर पायाची तक्रार म्हणून नाही. गोटीराम मांडवातून भटारखान्यात वाऱ्यासारखा जाऊ लागला. बाकीच्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. नव्या बुटांनी सगळ्यांच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. भटारखान्याकडचा सुपरवायझर संतोष, इंदिरानगरला राहणारा, पंचेचाळिशीचा गडी, पंगत उठली की खुर्च्यांच्या थप्पीमागे बूट काढून पायावर फुंकर घालत बसायचा.

"काका, तुम्हाला काहीच कसं होत नाही हो?"

"तू माल बघून घेत नाय, संतोष. बूट घ्यायची बी एक अक्कल असती. कातडं असं दुमडून बघायचं, चीर पडली तर समजायचं रेक्झिन. तळ शिवलेला पायजे, डकवलेला नाय. आतून अस्तर मऊ. आन मुख्य म्हंजी पायाला धरून बसला पायजे. घाल, माझा घाल. बघ."

दोघांचा पाय एकाच मापाचा. त्यांचे जुने बूट कैकदा अदलाबदल व्हायचे. संतोषने पाय कोंबला, तीन पावलं टाकली आणि चौथ्याला "अयायाया!" करून मांडवाचा खांब धरला.

"काका, बूट आहे का अडकित्ता? काढा, काढा आधी!"

गोटीरामला हसू आवरेना. "शहरातलं पाऊल तुझं! आमचं मातीतलं हाय, बाबा." वाढप्यांना बोलावून बोलावून त्याने ती गंमत सांगितली. संतोष मात्र बूट हातात घेऊन एकदा त्या बुटाकडे आणि एकदा गोटीरामच्या पायाकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता तो. पण तेवढ्यात वरातीचा बँड फाटकाशी आला आणि विषय तिथेच राहिला.

पंधरा दिवसांत मंजुषा मॅडमनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. "काकांकडून शिका. वय चोपन्न आणि चाल बघा!" म्हणत तिने गोटीरामच्या कोटावर 'हेड सुपरवायझर'चा बिल्ला लावला. गोटीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खाली मान घातली आणि बुटांकडे पाहिलं.

सुख माणसाला माजवतं. गोटीराम काही वेगळा नव्हता. लॉन्सवर कुसाबाई भांडी घासायची. साठीची, टाचेला चिंधी बांधून लंगडत काम करायची. एका दुपारी ती ताटांची चळत घेऊन हिरवळीच्या कडेने गेली, नेमकी नवरीच्या माहेरचे फोटो चालले होते तिथून. गोटीरामने तिला भटारखान्याच्या मागे गाठलं.

"कुसाबाई, लंगडायचं आसंल तर घरी बसायचं. मॅडमचा हुकूम हाय."

"टाच चिरलीय रे, बाबा. दुखतंय म्हणून लंगडते. हौस हाय का मला?"

"माझ्याकडं बघ. सकाळधरनं उभा हाय. लंगडतोय का?"

"तुजं दुखत नाय?"

"नाय."

"कायच दुखत नाय?"

"एकदा नाय म्हणलं ना!"

म्हातारीने त्याच्या पायांकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. "मग देवाची लय किरपा हाय तुज्यावर," ती म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावलं नाही. गोटीरामला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मॅडम "गुड" म्हणाली, आणि मग वाटायचं थांबलं.

घरी मैनेचं कामच सुटलं. लेस नाही, हिसका नाही. गोटीराम दारातच एका पायाच्या बोटांनी दुसऱ्याची टाच दाबून बूट उडवायचा आणि मोज्यांसकट खाटेवर पडायचा.

"बघ, निघाला! तुझा नेम सुटला आता."

"सुटला ते बरंच झालं. तुझं लोढणं कुणी वढावं रोज?" मैना म्हणायची. पण दोन-चार दिवस ती खोबरेलाची बाटली हातात घेऊन उगीच उंबऱ्यापाशी घुटमळली, आणि मग बाटली फळीवर गेली.

एकदा मोजे धुताना तिने हाक मारली. "अवो, ह्याला कसला डाग? पाणी लाल झालं बघा."

"कुकवाचं पाणी आसंल. मांडवात मोज्यांवरच चढावं लागतं."

पटण्यासारखंच होतं. लग्नाच्या मांडवात हळद, कुंकू, पाणी, कशात पाय पडत नाही? गोटीरामला स्वतःलाही तेच वाटलं. वास यायला लागला तेव्हा वाटलं, लॉन्सच्या मागे कुजणाऱ्या हारांचा असेल. तो वास तिथल्या प्रत्येकाच्याच अंगाला असायचा. शेवटच्या आठवड्यात थोडी कणकण होती. त्यावर त्याने एक गोळी घेतली आणि बुटांना पॉलिश केलं.

ते लग्न वैशाखातलं, मोठ्या घरचं. नवरदेव सुटाबुटात, डोक्याला फेटा. दोन बाजूंना मोठाले पडदे लावलेले, मांडवात भटजींनी शिंकलं तरी शेवटच्या रांगेला दिसावं असे. नवरीच्या मावसबहिणीने, सायलीने, करवल्यांची टोळी जमवली होती. नवरदेवाचे बूट पळवायचे आणि हवं ते मागून घ्यायचं. सिनेमातून आलेली ही चाल आता आपल्याकडच्या लग्नांत चांगलीच रुळली आहे. पण वरपक्ष वस्ताद निघाला. मित्रांनी नवरदेवाचे बूट मांडवाच्या पायरीशीच काढून घेतले आणि पिशवीत लपवले.

मंगलाष्टकं चालू असताना वाऱ्याने फुलांची एक माळ सुटली आणि भटजींच्या डोक्यावर लोंबायला लागली. त्यांनी खूण केली. गोटीराम पायरीशी आला, दोन सेकंदांत बूट बाहेर, मोज्यांवर वर गेला, माळ बांधली, खाली उतरला. बघतो तर बूट नाहीत. शोधायला वेळ नव्हता. "सावधान" झालं की बँडला हात करायचा होता, फटाकेवाल्याला सांगायचं होतं. तो तसाच मोज्यांवर लॉन्सभर फिरला आणि दोन्ही कामं करून आला.

अक्षता पडल्या. माइकवरचा निवेदक ओरडला, "आता करवल्यांची मागणी!" सायली ताट घेऊन पुढे आली. ताटावर रुमाल, रुमालाखाली बूट. "जिजाजी, बूट पाहिजेत ना? मग आधी आमचं ऐकायचं!"

नवरदेवाच्या मित्रांनी पिशवी उंच धरली आणि त्यातून खरे बूट काढून दाखवले. सगळं लॉन्स खदखदून हसलं. सायली लाजून लाल झाली.

"मग हे कोणाचे? एवढे चकाचक?" तिने रुमाल काढला, आतला नंबर बघायला एका बुटात हात घातला. "आठ नंब..." म्हणता म्हणता ती थांबली. हात बाहेर काढला. बोटं ओली होती. क्षणभर तिलाही वाटलं, कुंकू. मग तिने ती नाकाशी नेली.

"ई! आई गं!"

ताट खाली आपटलं. उजवा बूट स्टेजपुढच्या पांढऱ्या कापडावर पडला आणि त्यातून जे गळलं ते दोन्ही मोठ्या पडद्यांवर सगळ्यांनी पाहिलं. निवेदकाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. तो त्याच सुरात म्हणाला, "ज्या पाहुण्यांचे हे देखणे बूट असतील, त्यांनी कृपया स्टेजपाशी यावं!"

गोटीराम आला. हसत आला. त्याच्या कानावर फक्त "देखणे" आणि "चकाचक" एवढंच पडलं होतं.

"माझे हायेत, ताई. कॅम्पातले, सावळीरामकडचे."

"काका, मागं बघा," कुणीतरी म्हणालं.

त्याने मागे पाहिलं. मांडवापासून स्टेजपर्यंत अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर त्याच्या उजव्या पावलाचे ठसे उमटले होते. सारख्या अंतरावर, सरळ रेषेत. एकही पाऊल लंगडलेलं नव्हतं.

सायलीला रडू फुटायचं बाकी होतं. "काका, दुखत नाही का हो तुम्हाला?"

"नाय, ताई," गोटीराम म्हणाला. त्या पोरीला धीर द्यावा असं त्याला वाटलं. "लय मऊ हाय बूट."

गर्दीत कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. पुढच्या रांगेत लहवितची भावकी बसली होती. त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि पलीकडे बघितलं.

मंजुषा मॅडम तरातरा आली. आधी पडदे बंद करायला सांगितले, मग कापड बदलायला सांगितलं, आणि मग ओठ न हलवता गोटीरामला म्हणाली, "मागच्या दाराने जा. पार्किंगमधून नको, पाहुणे आहेत." संतोषने बूट पिशवीत घातले, त्याला स्कूटरवर बसवलं आणि कुसाबाई गेली होती त्याच दाराने बाहेर काढलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मोजा कापला. दोन बोटं काळी पडली होती आणि करंगळीखाली बोटभर खोल खड्डा होता. त्यांनी बूट तळव्याला लावून पाहिला. "एक नंबर लहान आहे. किती दिवस चालताय यात?"

"दीड महिना. पण डॉक्टर, बुटाला नावं ठेवू नका. माझी चाल बघितली आसती तुमी..."

डॉक्टर पेन घेऊन पायाशी वाकले. गोटीराम दाराकडे बघत होता, मैना आली का म्हणून.

"सांगा, आता कुठे टोचलं?"

"टोचा की आधी."

"तीनदा टोचलं, काका."

तेव्हा गोटीरामला कळलं. सावळीरामची पेन्सिल, संतोषचं "अयायाया", कुसाबाईची ती नजर, सगळं एकदम कळलं आणि तो उताणा पडून छताकडे बघत राहिला.

आधी दोन बोटं गेली. मग पंजा गेला. मग विष वर चढलंय म्हणून पाय गुडघ्याखाली काढला. आठ दिवसांत तीन वेळा. दर वेळी सही मैनेने केली.

चौथ्या दिवशी, पंजा काढल्यावर, ती कागदपत्रं आणायला घरी गेली होती. फळीवर तिला बुटांचं खोकं सापडलं आणि खोक्यात घडी केलेला कागद. दवाखान्यात येऊन तिने तो त्याच्यापुढे धरला. दोन पावलं, दहा बोटं, खाली नऊचा आकडा.

"हे काय?"

"माप. त्यो म्हणला व्हता, नऊ घे." गोटीरामने डोळे मिटले. "रोज पाय बघत जा म्हणला व्हता. आरशात."

"आन मला का नाय सांगितलं?"

गोटीरामने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

मैनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आरसा कशाला लागतो? मी मेले व्हते का? पंधरा वरसं मांडीवर घेतला ना तुझा पाय? तवा आरसा लागला का? एक दिवस, एक दिवस फकस्त माज्याफुडं पाय केला आसतास, मुडद्या!" सगळा वॉर्ड तिच्याकडे बघायला लागला. नर्सने येऊन तिला गप्प केलं. मैना कागदाची घडी घालून, पोलक्यात खोचून, खाटेपाशी जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

पाय काढल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी संतोष भेटायला आला. उभ्या उभ्याच बोलत होता. कोटाचा डावा खिसा तळव्याने झाकून धरला होता त्याने, पण बिल्ल्याची कड बोटांमधून दिसत होतीच.

"मॅडम म्हणाल्या, काकांना सांगा, काळजी करू नका. पार्किंगला खुर्ची टाकून देऊ. बसून शिटी वाजवायची फक्त."

"बरं," गोटीराम म्हणाला. "आन तुला कसा हाय बूट? लागतो का?"

"लागतो, काका."

"लागू दे," गोटीराम म्हणाला. "लागतो त्योच घालायचा."

संतोष डोळे पुसत गेला. वॉर्डात जेवणाच्या ताटांचा वास रेंगाळत होता आणि वरचा पंखा कुरकुरत होता. मैना स्टुलावर बसून डुलक्या घेत होती. अचानक खाट हलली. गोटीरामच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"मैने."

"काय वो?"

"काढ गं. चावतोय."

"काय चावतोय?"

"बूट. उजवा. करंगळीपाशी लय चावतोय गं, लय. जीव चाललाय. काढ."

मैनेने पाहिलं. चादरीखाली डावा पाय उंचावलेला दिसत होता. उजवीकडे गुडघ्याच्या खाली चादर सपाट पडली होती. खरं ते तिच्या जिभेवर आलं, शिवीसुद्धा आली. ती तिने गिळली. उठली, खाटेच्या पायथ्याशी गेली, पदर खोचला आणि त्या सपाट जागेवर, जिथे टाच असायची तिथे, दोन्ही हात धरून हिसका दिला.

"निघाला?" त्याने डोळे गच्च मिटूनच विचारलं.

"थांब जरा. आठ नंबर हाय. लवकर नाय निघत."

तिने पुन्हा एकदा हिसका दिला. मग दोन्ही हातांत काहीतरी जड धरल्यासारखं करत ती वाकली आणि ते तिने खाटेखाली, भिंतीशी नीट ठेवलं.

"निघाला," ती म्हणाली.